हात दिला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, मठात जातो तिथं नाही. वडील गेले त्या आठवड्यात एकदा त्यांच्या उशाशी बसून सांगावं असं वाटलं होतं. तोंड उघडलं — आणि विचारलं काय, तर चहा घेता का. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मध्येच उठून गेलात तरी मला कळणार नाही.

आधी एक सांगून टाकतो. मी रागीट माणूस आहे. कॅरममध्ये हरलो म्हणून बोर्डावर लाथ घालून तो दुभंगवला होता, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पुढं पाना फेकून एका गिऱ्हाइकाच्या गाडीची काच फोडली. हे सगळं गावाला ठाऊक आहे आणि गावानं ते माफही केलं आहे. बसूअप्पा तापट आहे पण मनाचा स्वच्छ आहे, असं म्हणतात. तर जे सांगायचं आहे ते रागात झालेलं नाही. रागात झालं असतं तर बरं — नाही, बरं नसतं. पण निदान माझ्या स्वभावात बसलं असतं. ते झालं तेव्हा मी अगदी शांत होतो.

लातूर नवा जिल्हा झाला त्यानंतरच्या दुष्काळातली ही गोष्ट. उस्मानाबादहून वेगळे झालो म्हणून गावाला केवढी धुंदी चढली होती! नवी ऑफिसं, नव्या पाट्या, आणि नळाला पाणी नाही. आमच्या डाळ मिलसमोर टँकर थांबायचा. नळीवरून एका बाईनं दुसरीच्या कपाळात घागर घातलेली मी पाहिली. रक्त पुसत ती बाई पुन्हा रांगेत उभी राहिली. असे दिवस होते, आणि अशा दिवसांत आम्हाला मोटारसायकलींची शर्यत सुचली.

आम्हाला म्हणजे मला आणि यशवंतला. त्याचे वडील आमच्या मिलमध्ये इंजिनवर होते. मिलच्या मागच्या वस्तीत त्यांचं घर. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आमच्या भिंतीवर बसवेश्वरांची. शाळेत आम्ही एका बाकावर. तो गाडी शिकला माझ्या गाडीवर, मी शिकवली. आणि वर्षभरात तो माझ्यापेक्षा चांगली चालवायला लागला.

बघा, किती साधं वाक्य आहे. ते मान्य करायला मला किती वर्षं लागली म्हणता?

माझी जुनी, दोन सायलेन्सरची गाडी मी भंगारात काढली होती. ती यशवंतनं उठवली. इंजिन खोलून, घासून, कुठून कुठून सामान आणून. नवीन गाडी माझ्याकडे, जुनी त्याच्याकडे, आणि तरी तो पुढं. स्पेअरपार्ट आणायला आम्ही दोघं नांदेडला जायचो. अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता फुफाट्याचा. पुढच्याला रस्ता दिसायचा, मागच्याला पुढच्याची धूळ. त्यातून आमची एक खूण तयार झाली. पुढच्यानं बघायचं, समोर मोकळं असलं की मागच्याला हात द्यायचा. उजवा हात रेसवर, म्हणून हात डावा. कमरेशी आणायचा आणि दोनदा झुलवायचा. बाहेर झुलवला तर डावीकडून जा. पाठीमागं नेऊन झुलवला तर उजवीकडून जा. यशवंतचा डावा अंगठा लहानपणी मिलच्या पट्ट्यात सापडून निम्मा तुटला होता, म्हणून त्याच्या हातात चारच बोटं दिसायची. मी त्याची नक्कल करायला लागलो, अंगठा आत दुमडून हात द्यायचा. तो हसायचा. पुढं ती सवयच झाली.

हात दिला की मागच्यानं विचार करायचा नाही. डोळ्यांत माती, समोर काही दिसत नाही, तरी गाडी पिळायची आणि जायचं. शेकडो वेळा मी त्याच्या हातावर असा गेलो. एकदाही समोर ट्रक नव्हता.

शर्यतीचं कारण असं की नांदेडचे एक गाड्यांचे व्यापारी लातुरात नवी एजन्सी काढणार होते. जिल्ह्याच्या वाढदिवसाला शर्यत ठेवा, म्हणाले, जो जिंकेल तो माझ्या वर्कशॉपचा मुख्य. यशवंतसाठी ही केवढी गोष्ट होती ते मला माहीत होतं. त्याचे वडील खोकून खोकून घरी बसले होते, त्यांच्या जागी इंजिनवर तो उभा राहायचा. त्या पट्ट्यासमोर, ज्यानं त्याचा अंगठा खाल्ला होता, त्याच्याचसमोर त्याला म्हातारं व्हायचं नव्हतं. आणि मला? मला मिल होती. वडिलांची गादी होती. मला त्या नोकरीची गरज नव्हती. मला फक्त तो मागे हवा होता.

गावाबाहेरचा पाझर तलाव कोरडा ठणठणीत पडला होता. त्याच्या पोटात ट्रॅक्टरनं फळी मारून आम्ही गोल रस्ता केला, कडेनं चुन्याची फक्की टाकली. पंच म्हणून एक निवृत्त ड्रिल मास्तर. त्यांनी नियम लिहून मागितले. ते मी लिहिले, माझ्या अक्षरात. पुढच्यानं वळणावर एकदाच वाट बदलायची. दुसऱ्यांदा आडवं आला तर बाद. मागच्याचं पुढचं चाक आपल्या पायाच्या बरोबरीला आलं की त्याची वाट तोडायची नाही. मुद्दाम धक्का देणारा बाद. मास्तरांना हे फार आवडलं. पुढच्याचाही मान राहतो, मागच्यालाही न्याय मिळतो, म्हणाले.

यशवंतनं कागद वाचला, पुन्हा वरून वाचला. मग म्हणाला, "बसू, ह्यात एक राहून गेलं बघ. पुढच्याला रस्ता दिसतो. मागच्याला नुसता धुरळा. दोघांना एकच नियम लावून कसं व्हईल?"

"मग काय करावं म्हणतोस?"

"ज्याला दिसतं त्यानं खोटं दावू न्हाई. हात दिला तर तो शब्द. लिहून ठिव की एवढं."

मी हसलो. "लिहायचं कशाला? हात देणारे आपण दोघंच. आपलं ठरलेलंच हाय ना?"

तो म्हणाला, "हाव, ते बी खरं हाय."

ते मी का लिहिलं नाही? तेव्हाच माझ्या मनात होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता त्याचं उत्तर खरं कोणतं आणि रचलेलं कोणतं ते मलाच सांगता येत नाही. पण पुढची गोष्ट मात्र पक्की आठवते.

तलाव आटला की बाया त्याच्या पोटात झिरे खणतात. कमरेइतका खड्डा, तळाशी झिरपून येणारं गढूळ पाणी, वाटीनं भरायचं. हंडा भरायला निम्मी सकाळ जाते. आमच्या रस्त्याच्या आतल्या अंगाला असे चार-पाच झिरे होते. पाणी सरकेल तसे झिरेही सरकायचे. शर्यतीच्या सकाळी मी एकटाच रस्ता बघायला फिरलो, यशवंत प्लग साफ करत बसला होता. बांधाजवळच्या वळणावर, डाव्या हाताला, रात्रीतून एक नवा झिरा खणला होता. उपसलेल्या मातीचा आणि दगडांचा ढीग रस्त्याच्या कडेलाच. कुणीतरी त्याच्याभोवती फक्कीचा गोल ओढला होता. परत जाऊन यशवंतला सांगायचं, असं मी ठरवलं.

परत आलो. तो म्हणाला, "कसाय रस्ता?" मी म्हणालो, "चांगला हाय."

दहा गाड्या सुटल्या. सायलेन्सर काढलेल्या, त्यामुळं कानांत दुसरं काही शिरत नव्हतं. पहिल्या चकरेत दोघं एकमेकांवर आदळले, एकाचे दात फक्कीत पडलेले नंतर सापडले. कुणी थांबलं नाही. लोक बांधावर उभे राहून ओरडत होते, मारा, हाणा, जणू शर्यत नाही, कुस्ती आहे. मी सुरुवातीलाच पुढं निघालो होतो. पुढं असणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगू? समोर स्वच्छ हवा, पांढऱ्या रेघा, सगळं दिसतं. आणि मागे जे आहेत त्यांच्या तोंडात तुमची माती जाते.

बांधाजवळच्या वळणावर सगळे बाहेरून, उजवीकडून जायचे, आत माती भुसभुशीत होती म्हणून. शेवटच्या चकरेला माझ्या मागे एकटा यशवंत उरला होता. वळणाआधी मी उजवीकडे आलो. झाली माझी एक वाट बदलून. तरीही तो आला. त्याचं पुढचं चाक माझ्या उजव्या पायापाशी हलताना दिसलं. आता मला हलता येत नव्हतं. नियम माझाच होता. तो बाहेरून निघून जाणार होता, आणि अजून दोन वळणांनंतर फक्कीची शेवटची रेघ होती. मी रेस किंचित वाढवली, तो किंचित मागे पडला, पुन्हा धुळीत गेला. पुन्हा येणार हे नक्की होतं.

तेव्हा मी हात दिला.

डावा हात. कमरेशी. अंगठा आत दुमडून. बाहेर, दोनदा.

त्यानं विचार केला नाही. आमचं ठरलेलंच होतं.

तो डावीकडून गेला तेव्हा त्याच्या गाडीचा वारा माझ्या पायाला लागला. मग आवाज झाला. गाडी ढिगावर चढली, उभी झाली आणि त्याच्यावर पडली, हे मला लोकांनी सांगितलं, कारण मी वळून पाहिलं नाही. काय दिसेल ते मला ठाऊक होतं. पडेल, उठेल, मला शिव्या घालेल, एवढंच वाटलं होतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. दगडांचा ढीग मी सकाळी स्वतः पाहिला होता. तो कमरेइतका होता.

मी रेघ ओलांडली. दोन्ही हात वर केले. लोकांनी खांद्यावर घेतलं.

मग बांधाकडून बायांचा कालवा ऐकू आला. यशवंतचा डावा पाय गाडीची पायपट्टी आणि दगड यांच्यात चेचला होता. नडगीचं हाड पँट फाडून बाहेर आलं होतं, पांढरं, त्याला माती लागलेली. वरून तापलेला पाइप मांडीवर, मांस भाजल्याचा वास. तो ओरडत नव्हता. दात खाऊन आभाळाकडे बघत होता. पाय झिऱ्याच्या तोंडावर होता आणि रक्त सरळ खाली पाण्यात जात होतं. झिरा जिचा होता ती बाई हातात वाटी घेऊन उभी होती. "आता हे पानी कसं प्यावं रं बाबा?" एवढंच ती म्हणाली. तिच्याकडे लोकांनी रागानं पाहिलं. पुढं तिनं तो झिरा बुजवून टाकला आणि दुसरा खणला.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चारपाच दिवसांनी मास्तर कागद आणि मला घेऊन दवाखान्यात आले. चौकशी नीट व्हावी हा त्यांचा आग्रह होता. चाकांच्या खुणा त्यांनी टेप लावून मोजल्या होत्या. माझी खूण वळणभर सरळ होती. एकदाच वाट बदलली, आडवा आलो नाही, धक्का दिला नाही. नियमानं मी धुतल्या तांदळासारखा होतो. त्यांनी यशवंतला विचारलं, तू आतून का गेलास? तो म्हणाला, "बसूनं हात दिला व्हता."

"हाताचं कुठं लिहिलंय का?"

"लिहिलं न्हाई. पर दिला व्हता."

मास्तर माझ्याकडे वळले. आता नीट ऐका, कारण खरी गोष्ट इथं आहे. मी खरं सांगितलं असतं तरी त्यांना मला बाद करता आलं नसतं! हाताचा नियमच नव्हता. बक्षीस माझंच राहिलं असतं, वर्कशॉप माझंच राहिलं असतं. खोटं बोलायची काही गरज नव्हती. फक्त दोस्ताला हात देऊन दगडावर घालणारा, एवढं नाव झालं असतं. ते मला नको होतं.

आणि शपथ तर कुणी मागितलीच नव्हती. मी गळ्यातली चांदीची डबी उघडली. इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, आम्ही पूजेला घेतो तसं. म्हणालो, "ह्या लिंगाची आण. मी हात दिला न्हाई."

त्याच तळहातावर. ज्यानं हात दिला त्याच.

यशवंत माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हता. हाताकडे पाहत होता. बराच वेळ. मग त्यानं मान भिंतीकडे वळवली. "ऱ्हाऊ द्या मास्तर. धुरळा लई व्हता. मलाच तसं दिसलं आसंल."

त्यानं मला वाचवलं की मला सोडून दिलं? मास्तरांनी कागदावर लिहिलं, चूक मागच्याची. तिथं उभ्या असलेल्या कुणालाही त्यात नवल वाटलं नाही. मिल मालकाचा मुलगा लिंग हातात घेऊन सांगतो आणि इंजिनवाल्याचा मुलगा नुसता तोंडानं. माझ्या शब्दाचं वजन किती आहे ते मला आधीच ठाऊक होतं. म्हणूनच तर ते वापरलं.

त्याचा थोरला भाऊ प्रल्हाद मात्र गप्प बसला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मिलच्या फाटकात त्यानं माझी कॉलर धरली आणि एक कानफटात ठेवून दिली. "लिंगाला तरी भ्यायचं व्हतं रे!" म्हणाला. ओठ फुटला माझा. आमचे हमाल धावले. पोती ओढायचे हूक त्यांच्या हातातच होते. एकाचा हूक प्रल्हादच्या खांद्यात रुतला आणि त्यानं तो तसाच ओढला. खाली पाडून त्याला तुडवलं. त्याच्या तोंडातून रक्त आणि डाळीचा भुसा एकत्र येत होतं. मी एक शब्द बोललो असतो तर हमाल थांबले असते, ते माझे हमाल होते. मी ओठाला रुमाल लावून उभा होतो. आणि त्याला मार खाताना बघून मला बरं वाटत होतं, हेही सांगायचं आहे. प्रत्येक लाथेनिशी मला वाटत होतं, बघा, खोटा तोच आहे.

ते कुटुंब वर्षभरात लातूर सोडून गेलं. प्रल्हादला किनवटकडे एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात काम मिळालं, तो यशवंतला तिकडं घेऊन गेला, असं कानावर आलं. मी विचारलं नाही.

माझं सगळं चांगलं झालं. वर्कशॉप, पुढं एजन्सी, पुढं नाव. शर्यती होत राहिल्या आणि नियम लागले की लोक माझ्याकडे यायला लागले. माझ्या त्या कागदाच्या प्रती निघाल्या. काही वर्षांपूर्वी विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं आली, त्यांनी स्वतः रेसची गाडी बनवली होती. त्यांच्यापुढं मी तासभर बोललो. पुढच्याचा हक्क किती, मागच्याला जागा किती द्यायची, एकदा वळणं म्हणजे बचाव आणि दोनदा वळणं म्हणजे दांडगाई. पोरं लिहून घेत होती. एक मुलगी म्हणाली, "सर, पण पुढच्यानं मागच्याला फसवलं तर? म्हणजे खुणेनं वगैरे?"

मी म्हणालो, "ते नियमात बसत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

हात देणं म्हणजे आधार देणं, असं आपण म्हणतो ना? मला तो शब्द उच्चारता येत नाही. सून म्हणते, मामंजी, जरा हात द्या, आणि मी उठून बाहेर जातो. घरातल्यांना वाटतं मला काम नको असतं. रोज सकाळी पूजेला बसतो. लिंग डाव्या तळहातावर घ्यावं लागतं, उजव्यावर चालत नाही. घेतो. रोज घेतो.

मागच्या वर्षी एका लग्नासाठी किनवटला गेलो होतो. गाडी मीच चालवत होतो. जंगलातला रस्ता, अरुंद, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना साग. पुढं एक स्कूटर होती, मागे जादाची दोन चाकं लावलेली, हळूहळू चाललेली. तिच्यावर पिकल्या केसांचा एक माणूस. डाव्या बाजूची पँट गुडघ्यापाशी दुमडून पिनेनं अडकवलेली. मी हॉर्न दिला. समोर वळण होतं, पलीकडचं मला काही दिसत नव्हतं.

त्यानं डावा हात काढला. पाठीमागं नेला. चारच बोटं. दोनदा झुलवला.

असा हात रस्त्यावर दुसरं कुणी देत नाही. मला ओळखून दिला का? स्कूटरच्या आरशात मी त्याला दिसलो असेन का? की मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो इतकी वर्षं असाच देत आला आहे? मला माहीत नाही. मी गेलो नाही. माझा पाय ब्रेकवर होता. मला वाटलं, पलीकडे ट्रक आहे. वाटलं, आज हा मला दगडावर घालणार. मी त्याच्या मागेच राहिलो, चालण्याच्या वेगानं, आख्खं वळणभर. त्यानं पुन्हा हात दिला. मी गेलो नाही.

वळण संपलं. समोर रस्ता सरळ होता आणि दूरवर मोकळा होता. एक गाडी नव्हती, एक माणूस नव्हता.

मी काच वर केली, गाडी पुढं काढली, आणि त्याच्याकडे न बघता निघून गेलो.